‘मॅपिंग प्रेज्युडिस’ की ‘मॅपिंग इनइक्वालिटी’? दोन मोफत नकाशांची पारख

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना घर नाकारण्याचा विषय निघाला की बहुतेक वाचक एकाच संकेतस्थळावर जाऊन पोहोचतात, ते म्हणजे रिचमंड विद्यापीठाचं ‘मॅपिंग इनइक्वालिटी’. हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा चार रंगांत विभागलेली जुनी शहरं आणि कुठल्याही भागावर क्लिक केलं की समोर येणारा सरकारी तक्ता. बातम्यांत, शोधनिबंधांत, शाळकरी प्रकल्पांत सगळीकडे हेच नकाशे दिसतात. संकेतस्थळ चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबानं गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तर त्याला नेमकं कोणी आणि कोणत्या कागदाच्या जोरावर अडवलं, हे बघायचं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. त्या कामासाठी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ हा प्रकल्प कितीतरी सरस आहे.

दोन्ही प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाले, दोन्ही मोफत आहेत, नुसते नकाशे बघायला खातं उघडावं लागत नाही. मजकूर अर्थातच इंग्रजीत आहे, आणि तोही १९१० ते १९५० च्या काळातल्या वकिली इंग्रजीत, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं. दोन्ही लॅपटॉपवर पाहावेत. मोबाइलवर उघडतात, पण एका गल्लीतला एक प्लॉट बोटानं पकडायला चिकाटी लागते.

नकाशा पारखायचा तर हातात एक खरं घर हवं. त्यासाठी मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरातलं ४६०० कोलंबस अॅव्हेन्यू साउथ हे कोपऱ्यावरचं छोटं घर सोयीचं आहे, कारण त्याचा इतिहास नीट नोंदला गेला आहे. आर्थर आणि एडिथ ली या कृष्णवर्णीय जोडप्यानं ते १९३१ मध्ये ४,७०० डॉलरला घेतलं. आर्थर ली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले, टपाल खात्यात नोकरीला. घरात सहा वर्षांची मुलगी. आजूबाजूची वस्ती गोऱ्यांची, आणि तिथल्या रहिवासी संघटनेनं १९२७ मध्येच घरमालकांकडून गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकणार नाही अशा करारावर सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. ली कुटुंब राहायला आल्याचं कळलं आणि जुलै महिन्यात रोज रात्री घरासमोर जमाव जमू लागला. एका रात्री तो हजारोंच्या घरात गेला. घरावर काळा रंग फेकला गेला. घर परत विकून टाका, पैसे देतो, असा प्रस्तावही आला.

आर्थर लींनी वार्ताहरांना जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की फ्रान्सच्या चिखलात या देशासाठी लढत होतो तेव्हा मला कोणी जागा सोडायला सांगितलं नाही, आता हे माझं घर आहे. त्यांचे आधीचे वकील विक्रीच्या वाटाघाटीकडे झुकले होते. त्यांच्या जागी लीना ऑलिव्ह स्मिथ आल्या, मिनेसोटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष. त्यांनी जाहीर करून टाकलं की हे कुटुंब हलणार नाही, विक्रीचा विषय बंद. पोलीस पहारा बसला, टपाल खात्यातले सहकारी आणि माजी सैनिक राखणीला आले, मुलगी पोलिसांच्या सोबतीनं शाळेत जाऊ लागली. कुटुंब १९३३ पर्यंत तिथंच राहिलं आणि मग शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत गेलं. २०१४ पासून हे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे.

आता हे घर दोन्ही नकाशांवर शोधू.

‘मॅपिंग इनइक्वालिटी’चा मूळ ऐवज म्हणजे होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन, म्हणजे एचओएलसी, या सरकारी महामंडळानं १९३५ ते १९४० या काळात करून घेतलेलं शहरांचं सर्वेक्षण. महामंडळ जून १९३३ मध्ये स्थापन झालं. मंदीत हप्ते थकलेल्या घरमालकांची जुनी कर्जं उचलून त्यांना सोप्या हप्त्यांची नवी कर्जं द्यायची, हे त्याचं काम. अशी सुमारे दहा लाख कर्जं त्यानं दिली. सर्वेक्षणात दोनशेहून अधिक शहरांचे भाग पाडून त्यांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी दिल्या. ए हिरवा, बी निळा, सी पिवळा, डी लाल. मूळ कागद मेरीलँडमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. संकेतस्थळावर ते स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवलेले आहेत.

वापर सोपा आहे. शहर निवडा, भागावर क्लिक करा, त्या भागाचा तक्ता उघडतो. बऱ्याच शहरांच्या तक्त्यांचा मजकूर टाइप करूनही दिलेला आहे, त्यामुळे खराब स्कॅन वाचत बसावं लागत नाही. तक्त्यात जमिनीचा चढउतार, घरांचं वय आणि बांधणी, विक्रीच्या आणि भाड्याच्या किमती, गहाण-कर्ज मिळण्याची शक्यता असे रकाने आहेत. त्यांच्या मधोमध रहिवाशांचा रकाना: व्यवसाय, परदेशात जन्मलेल्यांची टक्केवारी, ‘निग्रो’ आहेत का आणि किती टक्के, आणि ‘घुसखोरी’ कोणाची होते आहे. उंदीर-घुशींबद्दल लिहावं तशा सुरात तो शेवटचा रकाना भरलेला आढळतो. रकान्यांचा क्रम शहरागणिक बदलतो, कारण छापील फॉर्मच वेगवेगळे वापरले गेले. दोन शहरांची तुलना करताना रकान्याचा क्रमांक नका बघू, शीर्षक बघा. काही शहरांचा फक्त नकाशा आहे, तक्ते नाहीत.

डाउनलोडची सोय मात्र अव्वल आहे. मूळ नकाशाची मोठी प्रतिमा मिळते, भागांच्या सीमा जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडतील अशा स्वरूपात मिळतात, संपूर्ण देशाची माहिती एकत्रही मिळते. क्यूजीआयएस हे त्यातलं मोफत सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर पाच मिनिटांत आजच्या जनगणनेवर हा थर टाकता येतो. आणि इथंच लोक घसरतात. लाल भाग आणि आजची गरिबी, आजचं तापमान, आजचे दम्याचे रुग्ण असं काहीही एकावर एक ठेवलं की चित्र जुळतं, आणि मग ‘या नकाशामुळे हे झालं’ असा निष्कर्ष ठोकून दिला जातो.

अडचण तारखांची आहे. एचओएलसीनं कर्जवाटप जून १९३६ मध्ये थांबवलं. बहुतेक नकाशे त्यानंतरचे. महामंडळानं कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जं दिली होती, लाल ठरलेल्या भागांतसुद्धा. लाल भागात राहणारे बहुसंख्य लोक गोरेच होते, गरीब आणि स्थलांतरित गोरे. उलट कृष्णवर्णीयांच्या जवळपास सगळ्या वस्त्या मात्र लाल. कर्ज नाकारण्याचा खरा दणका दुसऱ्या संस्थेनं दिला: १९३४ मध्ये स्थापन झालेलं फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, एफएचए. बँकेच्या गृहकर्जाला सरकारी विमा द्यायचा की नाही हे ते ठरवत असे, आणि त्यासाठी त्यांचे स्वतःचे वेगळे नकाशे होते. ते फारसे उरलेलेच नाहीत. जे टिकलं ते एचओएलसीचं, म्हणून सगळा दोष त्याच्या डोक्यावर. संकेतस्थळावरच्या प्रस्तावनेत या वादाची चर्चा आहे, पण ती वाचायला कोण थांबतं? रंग आधी दिसतात.

ली कुटुंबाच्या बाबतीत तर हा नकाशा सरळ कुचकामी ठरतो. जमाव १९३१ चा. तेव्हा एचओएलसी अस्तित्वातच नव्हतं. शिवाय घर घेऊ शकणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची झुंज लाल भागात होत नव्हती. ती व्हायची हिरव्या, निळ्या आणि बऱ्यापैकी पिवळ्या भागात, जिथं त्यांना येऊ द्यायचं नव्हतं. म्हणून हे संकेतस्थळ वापरायचंच असेल तर लाल सोडा, हिरव्या भागांचे तक्ते वाचा. तिथं ‘अनुकूल बाबी’ या रकान्यात खरेदीखतातल्या निर्बंधांचा उल्लेख सापडतो. म्हणजे सरकारी माणसाच्या लेखी, या भागात नको ती माणसं येऊ नयेत याची कागदोपत्री सोय झालेली आहे, आणि म्हणून भाग उत्तम.

ती कागदोपत्री सोय म्हणजे रेशियल कव्हनंट, खरेदीखतातली वंशाची अट. ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ सगळा त्यावर उभा आहे.

खरेदीखतात बिल्डर एक कलम घालायचा: अमुक वंशाच्या माणसाला ही जागा विकता येणार नाही, गहाण देता येणार नाही, भाड्यानं देता येणार नाही. अट माणसाला नसून जमिनीला चिकटलेली, त्यामुळे पुढच्या प्रत्येक मालकाला लागू. मोडली तर शेजारी कोर्टात जाऊन विक्री रद्द करून घेऊ शकत. मिनियापोलिसमध्ये सापडलेली सर्वांत जुनी अट १९१० ची आहे. तिच्यात यादीच दिलेली आहे: चिनी, जपानी, मूरिश, तुर्की, निग्रो, मंगोलियन किंवा आफ्रिकन रक्ताच्या वा वंशाच्या कोणालाही ही जागा विकायची नाही, गहाण ठेवायची नाही की भाड्यानं द्यायची नाही. पुढे यादी गळून पडली आणि एकच सुटसुटीत वाक्य आलं: ‘गोऱ्या किंवा कॉकेशियन वंशाखेरीज कोणी नाही’. त्याला अनेकदा शेपूट जोडलेलं असतं, घरकामाचे नोकर वगळून. म्हणजे स्वयंपाकघरात चालेल, नाव मात्र खरेदीखतावर नको.

१९१७ नंतर या अटींना जोर आला, कारण त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ‘बुकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात नगरपालिकांना वंशानुसार वस्त्या आखायला मनाई केली. नगरपालिकेला जे जमेना ते खासगी करारानं होऊ लागलं, आणि १९२६ मध्ये त्याच न्यायालयानं अशा करारांना हात लावायला नकार दिला. एफएचएच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत तर अशा अटी घालाव्यात अशी शिफारसच होती. स्वस्त कर्ज हवं तर अट घाला, हा बिल्डरसाठी साधा हिशेब झाला.

‘मॅपिंग प्रेज्युडिस’नं मिनियापोलिस ज्यात येतं त्या हेनेपिन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयातली जुनी खतं चाळून या अटी प्लॉटवार नकाशावर आणल्या. एकट्या मिनियापोलिस शहरात आठ हजारांहून जास्त. नंतर शेजारच्या रॅमझी काउंटीतही, म्हणजे सेंट पॉल शहराच्या बाजूला, काम झालं. ठिपक्यावर क्लिक केलं की तारीख आणि कलमाचा मजकूर दिसतो. वर्षागणिक अटी कशा पसरत गेल्या त्याचं चलचित्रही आहे, आणि पहिल्यांदा उघडाल तेव्हा तेच आधी बघा. १९१० मध्ये शहराच्या दक्षिण भागात थोडे ठिपके, मग तलावांच्या कडेनं, उद्यानांच्या भोवती, मग उपनगरांत. एडमंड वॉल्टनसारख्या बिल्डरांनी लेआउटच्या लेआउट अशा अटींसह विकले.

माहिती जमवण्याची पद्धत समजून घेतली तरच नकाशावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. खतांच्या स्कॅन प्रतींवर आधी संगणक अक्षरओळख चालवतो आणि ठरावीक शब्द शोधतो: निग्रो, कॉकेशियन, मंगोलियन, सेमिटिक असे. जिथं शब्द सापडला ती पानं झूनिव्हर्स या स्वयंसेवकांच्या मंचावर जातात. तिथं कोणीही बसल्या जागी वाचून सांगू शकतं: यात अट आहे का, असल्यास तिचा मजकूर काय, खताची तारीख कोणती, विकणारा-घेणारा कोण, अॅडिशन (म्हणजे लेआउट), त्यातला ब्लॉक आणि लॉट (म्हणजे प्लॉट) कोणता. एकच पान अनेक जण स्वतंत्रपणे वाचतात आणि उत्तरं जुळली तरच नोंद पुढे सरकते. मग जुना ब्लॉक-लॉट आजच्या प्लॉटशी जुळवला जातो. आपल्याकडे इंडेक्स टू काढून गट क्रमांकाचा सिटी सर्व्हे क्रमांकाशी मेळ घालणाऱ्यांना ही डोकेदुखी वेगळी समजावून सांगायला नको.

यात चुका कुठे होतात? पहिली जागा अक्षरओळखीची. टंकलिखित खतं ठीक, पण हस्तलिखित आणि पुसट मायक्रोफिल्म म्हणजे संगणकाला काळा डाग. तिथली अट सुटू शकते. उलट बाजूनं फसवे शब्दही खूप: काउंटीच्या त्याच दप्तरात मृत्यूचे दाखले आणि लष्करातून मुक्ततेची कागदपत्रं नोंदलेली असतात, त्यांत वंशाचा रकाना असतो आणि यंत्राला ती अट वाटते. ‘व्हाइट’ हे आडनाव किंवा ‘व्हाइट बेअर लेक’ हे गाव, यांचाही घोटाळा. म्हणूनच माणसानं वाचणं सुटत नाही. दुसरी जागा जमिनीच्या वर्णनाची. लेआउटमधला लॉट असेल तर सोपं, पण ‘अमुक कोपऱ्यापासून पूर्वेला इतके फूट’ अशा मोजमापाचं वर्णन असेल तर आजचा प्लॉट शोधायला हातानं काम करावं लागतं. एका जुन्या लॉटचे पुढे दोन तुकडे झाले असतील तर एका अटीचे नकाशावर दोन प्लॉट होतात. मोजणी करणाऱ्यांनी खतांची संख्या आणि प्लॉटची संख्या यांत गल्लत करू नये. बातम्यांत ती सर्रास होते.

तिसरी उणीव मोठी, आणि ली कुटुंबाचं घर तीच दाखवतं. नकाशात येतं ते नोंदलेलं. रहिवासी संघटनेनं घरोघर फिरून करारावर सह्या घेतल्या, पण तो नोंदणी कार्यालयात पोहोचला नाही, तर तो इथं दिसणार नाही. दलालानं फोन उचललाच नाही, बँकेनं अर्ज बाजूला ठेवला, अंगणात रात्रभर लोक ओरडत उभे राहिले, यातलं काहीच ठिपक्यात मावत नाही. कोलंबस अॅव्हेन्यूच्या आसपासचे ठिपके पाहून त्या वस्तीचा कल कळतो. जुलै १९३१ मात्र वर्तमानपत्रांच्या दप्तरात आणि ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदीतच वाचावा लागतो.

शेजाऱ्यांच्या सह्यांचा करार नोंदला गेला तर काय होतं, त्याचं उदाहरण मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात आहे. लाबाडी अॅव्हेन्यूवर १९११ मध्ये ३९ पैकी ३० मालकांनी पन्नास वर्षांसाठी असा करार करून नोंदवला. १९४५ मध्ये जे. डी. आणि एथेल शेली या कृष्णवर्णीय जोडप्यानं तिथं घर घेतलं. (घर क्रमांक तिथंही ४६००. निव्वळ योगायोग.) शेजारी कोर्टात गेले, प्रकरण डेट्रॉइटच्या मॅगी कुटुंबाच्या खटल्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ३ मे १९४८ रोजी ‘शेली विरुद्ध क्रेमर’ हा निकाल लागला. नऊपैकी सहाच न्यायाधीश बसले, आणि सहाही शेलींच्या बाजूनं. निकाल नीट वाचावा: करार लिहिणं बेकायदा ठरवलं नाही, कोर्टानं त्याची अंमलबजावणी करणं घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे १९४८ नंतरचीही खतं अटींसकट सापडतात. नकाशात ती दिसली की लोकांना तारीख चुकली असं वाटतं, चुकलेली नसते. मिनेसोटानं नव्या अटींवर १९५३ मध्ये बंदी आणली, आणि देशभर हा प्रकार १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं बेकायदा झाला.

ठिपक्यांच्या आकृतीवरूनही फरक ओळखता येतो. बिल्डरनं घातलेली अट असेल तर सबंध लेआउट एकसंध भरलेला दिसतो, कडा सरळ. शेजाऱ्यांनी जमवलेल्या सह्या असतील तर मध्ये मध्ये दात पडल्यासारखी भोकं राहतात, कारण लाबाडीवरच्या नऊ मालकांसारखे काही जण सही करत नाहीत. पुढे जी कृष्णवर्णीय कुटुंबं शिरली ती बऱ्याचदा अशा फटींतूनच.

आपल्या वाचकाचा यात संबंध काय, तर थोडा आहे. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही असं ठरवलं. त्यानंतर ‘गोऱ्या वंशाखेरीज कोणी नाही’ या वाक्यात आपण कुठं बसतो हे वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात त्याच्याही आधी वैष्णोदास आणि कला बगाई हे जोडपं विकत घेतलेल्या घरी सामान घेऊन पोहोचलं तर शेजाऱ्यांनी घर बंद करून ठेवलं होतं, आत जाऊ दिलं नाही. आज त्या शहरात कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे. आणि हे सगळं तिकडचं म्हणून हसू नये: अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेची फक्त पारशांनाच सभासदत्व देणारी पोटनियमातली अट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये वैध ठरवली.

मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे संकेतस्थळ प्रत्यक्ष कामाला येतं. ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह अशी नंतर वाढलेली उपनगरं असतील तर बहुतेक घरं अटींच्या काळानंतरची. पण दक्षिण मिनियापोलिस, एडायना, गोल्डन व्हॅली, रॉबिन्सडेल, सेंट लुइस पार्क इथलं जुनं घर असेल तर जरूर तपासा. पत्ता टाकून थेट नकाशावर धाव घेऊ नका. आधी काउंटीच्या मालमत्ता शोधात पत्ता घालून अॅडिशनचं नाव, ब्लॉक आणि लॉट लिहून घ्या. मग नकाशात त्या प्लॉटवर जा आणि ठिपक्यातला ब्लॉक-लॉट हातातल्या कागदाशी पडताळा. ठिपका शेजारच्या प्लॉटवर सरकलेला असू शकतो, खरेदीखत सरकत नाही. ठिपका नसेल तर अट नाहीच असं धरू नका. अॅबस्ट्रॅक्ट कंपनीकडून (ती जुन्या खतांचा गोषवारा देते) किंवा टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासताना मिळालेल्या जुन्या कागदांत ‘निर्बंध’ या शीर्षकाखाली वाचा. टायटल कंपन्यांच्या अहवालात अनेकदा अटीचा दस्त क्रमांक दिलेला असतो आणि मजकूर गाळलेला असतो, त्या क्रमांकावरून मूळ प्रत मागवावी लागते.

अट सापडली तर २०१९ पासून मिनेसोटात मालकाला ती नाकारल्याचा दस्त नोंदवता येतो. त्यात अटीच्या मूळ खताचा दस्त क्रमांक, तारीख आणि जमिनीचं पूर्ण कायदेशीर वर्णन लागतं, सही नोटरीसमोर. परत येणाऱ्या अर्जांतला नेहमीचा घोळ म्हणजे वर्णनाच्या जागी टपालाचा पत्ता लिहिणं. दुसरा घोळ मिनेसोटाचा खास: तिथं जमीन नोंदणीच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात, अॅबस्ट्रॅक्ट (मालकी जुन्या खतांच्या साखळीवरून ठरते) आणि टॉरेन्स (मालकी सरकारी प्रमाणपत्रावरून ठरते). टॉरेन्सची जमीन असेल तर मालकीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो आणि नोंद त्या प्रमाणपत्रावर चढते. अॅबस्ट्रॅक्टचा मसुदा तिथं चालत नाही. कोणती पद्धत ते काउंटीच्या मालमत्ता पानावरच लिहिलेलं असतं. हे काम वकील न लावता व्हावं म्हणून गोल्डन व्हॅलीतून सुरू झालेला ‘जस्ट डीड्स’ उपक्रम मोफत मदत करतो: कागद शोधून देतो, मसुदा करून देतो. तुमचं शहर त्यात सहभागी आहे का एवढं आधी पाहा.

या दस्तानं जुनी अट पुसली जात नाही. ती रजिस्टरमध्ये तशीच राहते, वर नवी नोंद चढते. काही जणांना हे खटकतं. पण पुसली असती तर हा नकाशाच करता आला नसता, त्यामुळे आहे तेच बरं.

एक गैरसमज दूर व्हावा. आज एखाद्या कुटुंबाला घरमालक वंशावरून टाळतोय, किंवा शेजारी धमकावतोय, तर या दोन्ही संकेतस्थळांचा उपयोग शून्य. ती तक्रार गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचयूडीच्या, फेअर हाउसिंग कार्यालयाकडे जाते. घटनेपासून एक वर्षाच्या आत, शुल्क नाही, वकील लागत नाही. थेट न्यायालयात जायचं तर मुदत दोन वर्षं. कायद्यात घर नाकारण्याबरोबरच, घेतलेल्या घराचा उपभोग घेताना धमकावणं किंवा अडथळा आणणं यासाठीही वेगळं कलम आहे, आणि ते शेजाऱ्यालाही लागू होऊ शकतं. तारीख, वेळ, बोललेले शब्द, साक्षीदार आणि फोटो त्याच दिवशी लिहून-काढून ठेवले तर तक्रार उभी राहते. महिन्यानंतर आठवून लिहिलेली हकिगत ढिली पडते.

गुण द्यायचे तर ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नोंदणीबाहेरचे करार सुटतात म्हणून नाही, तो त्यांचा दोष नाही. कापला तो नकाशाच्या पानावरच ‘ठिपका नाही म्हणजे अट नाही असं नव्हे’ हे ठळक अक्षरांत असायला हवं म्हणून. ‘मॅपिंग इनइक्वालिटी’ला संग्रह म्हणून पाच, पण एका कुटुंबाची कहाणी समजून घेण्याचं साधन म्हणून तीन. शिकवायला वापरणार असाल तर वर्गात आधी अटींचा नकाशा आणि त्यातलं एक कलम मोठ्यानं वाचून दाखवा, रंगीत नकाशा दुसऱ्या तासाला. वेळ असेल तर झूनिव्हर्सवर जाऊन दहा पानं स्वतः वाचून भरा. सुरुवातीला एका पानाला पाचेक मिनिटं लागतात. पानातली तारीख कुठली लिहायची ते आधीच ठरवा, सहीची की नोंदणीची, कारण दोन्ही छापलेल्या असतात आणि नवखे बहुधा नोंदणीची उचलतात.